वाचकांचे प्रश्न : दुसऱ्या शास्त्राने आपल्याला चूक ठरवले तर?

गेल्या अंकातील संशोधनपद्धतीवरच्या टिपणात मी लिहिले होते की, सामाजिक शास्त्रांतील बरेच प्रश्न एका विद्याशाखेच्या कुंपणात मावत नाहीत. त्यावर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून अनेक पत्रे आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडक्यात दिली आहेत आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे वगळली आहेत.

मॅडम, मी अर्थशास्त्रात पीएच.डी. करते आहे. निफाड तालुक्यातील शेतकरी चाळीतला (साठवणीच्या हवेशीर शेडमधला) उन्हाळ कांदा विकायला कधी काढतात आणि तेव्हाच का काढतात, हा माझा विषय आहे. आराखडा सादर केला तेव्हा समितीतील एका सदस्यांनी विचारले, ‘हे अर्थशास्त्र आहे, समाजशास्त्र आहे की शेतीशास्त्र? आधी ते ठरवा.’ मार्गदर्शक म्हणतात, बाजारभावाची आकडेवारी घ्या आणि बाकीचे सोडून द्या. मी काय करावे? — संशोधक विद्यार्थिनी, नाशिकरोड

आपण आपला प्रश्न सोडू नये. समितीने जे विचारले त्याचे उत्तर आपल्याला एक दिवस द्यावे लागेल. परंतु ते उत्तर आराखड्याच्या पहिल्या पानावर ठरत नसते. प्रश्न नेमका मांडला की कोणकोणत्या शास्त्रांची दारे ठोठावावी लागतील, हे तोच सांगू लागतो. आपला प्रश्न पुरेसा नेमका आहे, म्हणून त्याच्याच मागोमाग जाऊन पाहू.

एका गावातले दोन शेतकरी घ्या. दोघांच्या चाळी सारख्या, दोघांनी मे महिन्यात कांदा भरला, दोघांना लासलगावचा भाव रोज मोबाइलवर कळतो. एकाने जुलैतच चाळ फोडली, दुसरा ऑक्टोबरपर्यंत थांबला. ज्याच्या हातात फक्त भावाची आकडेवारी आहे, तो अभ्यासक सांगेल की, घट आणि खर्च वजा जाता पुढे जास्त पैसे मिळतील असे ज्याला वाटले तो थांबला, आणि पहिला शेतकरी जोखीम टाळणारा किंवा उतावळा होता. हे स्पष्टीकरण नेटके आहे, सूत्रात बसते, आणि त्यावर प्रबंधाचे एक प्रकरण सहज लिहून होईल.

आता त्या पहिल्या शेतकऱ्याच्या चाळीत कृषिशास्त्र शिकलेल्या माणसाला घेऊन जा. तो भाव विचारणार नाही. तो कांदा हातात घेऊन त्याची मान दाबून पाहील. नत्र जास्त झालेल्या कांद्याची मान जाड राहते, ती नीट सुकत नाही आणि सड तिथूनच आत शिरते. काढणीच्या दिवसांत पाऊस झाला असेल तर आणखी वाईट. म्हणजे जुलैत चाळ फोडणारा शेतकरी उतावळा नव्हताच, त्याचा कांदा थांबू शकत नव्हता. विक्रीचा जो निर्णय आपण जुलैमध्ये शोधत होतो, तो बऱ्याच अंशी जानेवारी-फेब्रुवारीत, युरियाची गोणी फोडताना होऊन गेला होता. मग तिथे नवा प्रश्न उभा राहतो : युरिया जास्त का पडला? माल ठसठशीत दिसावा आणि गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, कमी निघावी म्हणून? दुकानदाराने उधारीवर दिला म्हणून? शेजाऱ्याने टाकला म्हणून? ही उत्तरे कृषिशास्त्राजवळ नाहीत. त्यासाठी देण्याघेण्याचे संबंध समजणाऱ्या समाजशास्त्राकडे यावे लागते. आणि सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न किंवा दवाखान्याचा खर्च यांपैकी कशासाठी त्या आठवड्यात रोख रक्कम लागली होती, हे विचारल्याशिवाय दुसऱ्या शेतकऱ्याचे थांबणेही पुरते कळत नाही, कारण थांबणे ज्याला परवडते तोच थांबतो.

या उदाहरणात कृषिशास्त्राने अर्थशास्त्राच्या निष्कर्षाला पुरवणी जोडली नाही, तो निष्कर्षच चूक ठरवला. आंतरविद्याशाखीय संशोधनाची माझ्या दृष्टीने हीच खूण आहे. आपल्या शास्त्रातले विधान दुसऱ्या शास्त्राच्या पुराव्याने मोडू शकेल, अशा जागी ते नेऊन ठेवण्याची तयारी हवी. ती तयारी नसेल तर संदर्भसूचीत चार विषयांची पुस्तके असूनही संशोधन एकाच विषयाचे राहते.

व्यवहाराचे सांगायचे तर, प्रबंध अर्थशास्त्राचाच ठेवा. समितीला सांगा की, प्रश्न निर्णयाचा आहे म्हणून विद्याशाखा अर्थशास्त्र, परंतु पुरावा तीन ठिकाणांहून येणार आहे. मुलाखतीच्या प्रश्नावलीत खताचा हिशेब, काढणीच्या वेळचा पाऊस आणि देणे कोणाचे व कोणत्या महिन्यात फेडायचे, हे तीन प्रश्न घाला. शक्य असेल तिथे चाळ फोडण्याच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि निवडीनंतर एक नंबर, गोल्टी, खाद (खराब माल) यांचे ढीग किती पडले ते लिहून घ्या. प्रश्नावली छापण्याआधी ती एखाद्या उद्यानविद्येच्या प्राध्यापकांना दाखवा; तीन शास्त्रे आपण एकटीने शिकावीत अशी अपेक्षा कोणीच करू नये. आणि सर्वांत आधी एका कागदावर लिहून ठेवा की, काय आढळले तर माझे गृहीतक मी सोडून देईन. समितीला एखादा दाखला हवाच असेल तर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा द्या. त्यांचे शिक्षण राज्यशास्त्राचे. सिंचन, मासेमारी, जंगल अशा सामाईक साधनांचा कारभार लोक कसा करतात, हे त्यांनी ठिकठिकाणच्या पाहणीतून मांडले, आणि २००९ मध्ये त्यांना मिळालेले नोबेल अर्थशास्त्राचे होते.

मी पदार्थविज्ञान शिकवतो. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांच्या कसोटीप्रमाणे जो सिद्धान्त खोटा ठरूच शकत नाही, तो वैज्ञानिक नव्हे. सामाजिक शास्त्रांतील सिद्धान्त कोणत्याही घटनेला लागू करता येतात. मग त्यांना ‘शास्त्र’ का म्हणायचे? — कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षक, सिन्नर

पॉपर यांनी ही कसोटी १९३४ च्या आपल्या जर्मन ग्रंथात मांडली, पण तिचे बीज त्याआधीचे, व्हिएन्नातल्या तरुणपणीचे आहे. १९१९ मध्ये त्यांनी मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड आडलर यांना एका मुलाची हकीकत सांगितली. आडलर यांनी त्या मुलाला पाहिलेही नव्हते, तरी न्यूनगंडाच्या सिद्धान्ताने त्यांनी ती तत्काळ उलगडून दाखवली. इतकी खात्री कशी, असे विचारल्यावर ते म्हणाले, हजार वेळांचा अनुभव आहे. आता तो एक हजार एक वेळांचा झाला असेल, असे पॉपर यांनी त्यावर म्हटल्याचे त्यांनीच नोंदवले आहे. प्रत्येक घटना ज्या सिद्धान्तात बसते, त्याला कोणत्याही घटनेने धक्का लागत नाही, हे त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे, आणि सामाजिक शास्त्रांत असे सैल सिद्धान्त पुष्कळ आहेत, हेही मान्य आहे.

तथापि आपल्या विषयातलेच एक उदाहरण पाहा. युरेनसची कक्षा न्यूटनच्या नियमांप्रमाणे येत नव्हती. पॉपर यांची कसोटी शब्दशः लावली असती तर न्यूटनचा सिद्धान्त त्याच दिवशी टाकून द्यावा लागला असता. खगोलशास्त्रज्ञांनी तसे न करता पलीकडे आणखी एक ग्रह असावा असे मानले, ल व्हेरिए यांनी त्याची जागा गणिताने काढली आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतील फरकासाठीही अशाच एका ग्रहाची कल्पना केली गेली. तो मात्र सापडला नाही, आणि त्या फरकाचा उलगडा व्हायला १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांना गुरुत्वाकर्षणाचा नवाच सिद्धान्त मांडावा लागला. दोन्ही वेळा वागणूक एकच, निकाल वेगळे. प्रयोगात एकटे गृहीतक कधीच तपासले जात नाही, त्याच्याबरोबर उपकरणे, मोजमापे आणि इतर मान्य सिद्धान्त असा सगळा गोतावळा तपासला जातो, असे पिएर द्युएम यांनी १९०६ मध्येच लिहून ठेवले होते. म्हणजे पदार्थविज्ञानालाही पॉपर यांच्या कसोटीतून सरळ रेषेत जाता येत नाही.

आपल्याला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. थॉमस कून मूळचे पदार्थविज्ञानाचे. १९५८-५९ हे वर्ष त्यांनी स्टॅनफर्डच्या एका संशोधन केंद्रात सामाजिक शास्त्रज्ञांच्या संगतीत काढले. या मंडळींत मूळ प्रश्न आणि रास्त पद्धती यांबद्दलच केवढे मतभेद आहेत हे पाहून ते चकित झाले, आणि भौतिकशास्त्रात असे का होत नाही याचा विचार करताना ‘पॅराडाइम’ (एका शास्त्रातल्या सगळ्यांनी मान्य केलेली प्रश्न-पद्धतींची चौकट) ही कल्पना त्यांच्या हाती आली. विज्ञानाचा इतिहास पाहण्याची आपली दृष्टी बदलून टाकणारे त्यांचे १९६२ चे पुस्तक असे विद्याशाखांच्या शेजारातून घडले.

सामाजिक शास्त्रांपुढची खरी अडचण मला वेगळ्या जागी दिसते. कांद्याला भाव येणार असे भाकीत छापून आले की शेतकरी माल रोखून धरतात, व्यापारी साठा वाढवतात, सरकार पावले उचलते, आणि ज्या परिस्थितीवर भाकीत उभे होते तीच बदलते. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले आणि त्याच वर्षी डिसेंबरात निर्यातबंदी आली. त्यानंतर चाळ भरणारा शेतकरी केवळ बाजाराचा अंदाज घेत नाही, सरकार काय करील याचाही घेतो. नेपच्यूनला वर्तमानपत्र वाचता येत नाही. रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये दाखवले की, काही भाकिते केवळ केली गेल्यामुळे खरी होतात. इयान हॅकिंग यांनी पुढे असे दाखवले की, माणसांवर चिकटवलेली वर्गवारीची नावे माणसे स्वतः ऐकतात आणि त्यानुसार बदलतात. याला जोड द्या माक्स वेबर यांच्या म्हणण्याची, की माणसाच्या कृतीचे कारण शोधताना ती कृती त्याच्या लेखी काय अर्थाची होती हे समजून घ्यावेच लागते. या अडचणींमुळे काम अवघड होते, पण खोटे ठरण्याची शक्यता संपत नाही.

म्हणून ‘समाजशास्त्र हे शास्त्र आहे का’ असा घाऊक प्रश्न विचारण्यापेक्षा पॉपर यांची कसोटी एकेका विधानाला लावावी. आपल्याकडचाच एक दाखला आहे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवट्यांची मोजमापे करीत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध असावा, अशी मार्गदर्शकांची अपेक्षा होती. मोजमापांत तसा संबंध दिसला नाही, आणि इरावतीबाईंनी प्रबंधात तसेच लिहिले. परक्या देशात, त्या काळात, पदवी ज्यांच्या हातात आहे त्यांच्या अपेक्षेविरुद्ध एका विद्यार्थिनीने आकडे जसेच्या तसे ठेवले. शास्त्र म्हणजे काय याचे उदाहरण मला कुणी विचारले तर मी हेच देते.

आम्ही काही ज्येष्ठ मंडळी दर रविवारी पांडवलेणी चढतो. तेथील शिलालेख म्हणजे दानाच्या नोंदी आणि राजांची स्तुती. दगडात कोरले म्हणून ते खरे कसे मानायचे? इतिहासाला पुरावा असतो असे म्हणतात, पण तपासणार कसा? — एक वाचक, इंदिरानगर

आपल्या रविवारच्या वाटेवरच या प्रश्नाचे उत्तम उत्तर कोरलेले आहे. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांतील एकात तो सांगतो की, त्याने ३,००० कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) कायमची ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवली आहे : एका श्रेणीकडे २,००० कार्षापण, महिना शेकडा एक या व्याजाने; दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण, महिना शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत द्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे.

आता हिशेब करू. २,००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २० कार्षापण, वर्षाला २४०. आणि २० भिक्षूंना प्रत्येकी १२ म्हणजे २४०. एक कार्षापण इकडे नाही की तिकडे नाही. जवळजवळ १,९०० वर्षांपूर्वीचा हा हिशेब मी पहिल्यांदा वहीवर मांडला तेव्हा किती तरी वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिले होते. यातून ते पैसे दरवर्षी खरोखर भिक्षूंच्या हाती पडले हे सिद्ध होत नाही. पण ही केवळ दानशूरपणाची शोभिवंत भाषा नव्हे, व्याज आणि खर्च यांचा मेळ घालणाऱ्या जाणत्या माणसाने आखलेली योजना आहे, एवढे नक्की म्हणता येते. लेखात पुढे असेही आहे की, ही ठेव निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवली आणि रीतीप्रमाणे दप्तरी नोंदवली. विणकरांच्या श्रेणी लोकांचे पैसे ठेवून घेत, त्यावर व्याज देत, आणि व्याजाचा दर श्रेणीप्रमाणे वेगळा असू शकत होता, ही माहिती अर्थव्यवस्थेच्या इतिहासाला या दगडाने दिली. गंगापूरकडे जाताना लागणारे गोवर्धन गाव ते नाव आजही सांभाळून आहे.

या हिशेबाने आणखी एक काम केले. बौद्ध संघाचा अभ्यास ज्यांनी केवळ विनयग्रंथांवरून, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांच्या ग्रंथांवरून, केला, त्यांच्यापुढे भिक्षूने सोने-रुपे हाती घेऊ नये हा नियम होता. त्यावरून पैशापासून पूर्ण अलिप्त असलेला संघ डोळ्यांपुढे उभा राहतो. शिलालेखाने दाखवले की, नियम आपल्या जागी होता आणि संघाच्या नावे कायमची ठेवही होती. पैसा श्रेणीच्या ताब्यात राहून व्याजातून वस्त्राची सोय होत होती. ग्रंथाचा अभ्यास करणाऱ्याचे चित्र लिपीतज्ज्ञाने दुरुस्त केले. पहिल्या पत्रातल्या कांद्याचे जे झाले तेच इथे झाले.

स्तुतीबद्दलची आपली शंका अधिक रास्त आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातला लेख आहे. त्यात गौतमी बलश्री आपल्या दिवंगत मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुणगान करते आणि त्याने क्षहरातांचा वंश निःशेष केला असे सांगते. क्षहरात म्हणजे नहपानाचे घराणे. आईने मुलाची केलेली स्तुती न्यायालयात साक्ष म्हणून कितपत चालेल? मात्र १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातच, गोदाकाठच्या जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३,००० हून अधिक नाणी, आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा पुन्हा मारलेला. शत्रूचे चलन हातात आले, ते वितळवत न बसता आपला शिक्का उमटवून पुन्हा चालवले, असा त्याचा सरळ अर्थ आहे. ठसा मारणाऱ्या कारागिराला बलश्रीच्या लेखाला पुरावा पुरवायचा नव्हता, आणि लेख कोरवणाऱ्या बलश्रीला हा साठा कुणी उकरून काढील याची कल्पना नव्हती. एकमेकांशी संगनमत न केलेले दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतील तर त्या गोष्टीचे वजन दुपटीहून जास्त वाढते. विल्यम ह्यूएल यांनी १८४० मध्ये या तऱ्हेच्या पुराव्याला स्वतंत्र नाव दिले. त्याला आपण मराठीत पुराव्यांचा संगम म्हणू. संगमालाही मर्यादा असते. नाण्यांनी विजय सिद्ध केला. वंश ‘निःशेष’ केला हे आईचे म्हणणे नाण्यांनी सिद्ध होत नाही, ते आपण आईचे म्हणणे म्हणूनच वाचावे.

नाण्यांचा विषय निघाला म्हणून दामोदर धर्मानंद कोसंबी यांची आठवण काढल्यावाचून पुढे जाता येत नाही. हे गणितज्ञ. त्यांनी प्राचीन आहत (ठसे मारलेली) नाणी हजारोंनी तराजूत घालून वजन केली. नाणे जितके हातोहात फिरते तितके झिजते, आणि वजनांतला आपसांतला फरकही वाढत जातो. म्हणून नाण्यांच्या गटाच्या वजनावरून त्यांचा कालक्रम लावता येईल, ही त्यांची कल्पना. ती पुराणकाळावर लावण्याआधी त्यांनी आपल्या काळातली चलनातली नाणीही हजारोंनी तोलली, कारण त्यांवर वर्ष छापलेले असते आणि कल्पना चुकली तर तिथे लगेच पकडली जाते. इतिहासाचा पुरावा तपासायचा कसा, असे आपण विचारले आहे. कोसंबींनी खिशातल्या सुट्या नाण्यांवर तो तपासून दाखवला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून ‘बहुविद्याशाखीय’ आणि ‘आंतरविद्याशाखीय’ हे दोन्ही शब्द सारखे ऐकू येतात. फरक काय? — बी.ए.ची विद्यार्थिनी, पंचवटी

२०१० मध्ये आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते, कारण वाढ रोखणाऱ्या सीसीसी या रसायनाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला. यावर रसायनशास्त्रज्ञाने अंशाची मोजणी लिहिली, कायद्याच्या अभ्यासकाने मर्यादेचे नियम लिहिले, अर्थशास्त्रज्ञाने नुकसान लिहिले आणि तिन्ही लेख एका पुस्तकात बांधले, तर ते काम बहुविद्याशाखीय. बागाईतदार ते रसायन छाटणीनंतर कशासाठी वापरतो, ते तपासायच्या यादीत असणे किंवा नसणे कोण ठरवतो, आणि प्रयोगशाळेची क्षमता त्या यादीला कशी वळण देते, असा एकच प्रश्न घेऊन तिघे बसले आणि एकाच्या उत्तराने दुसऱ्याला आपला प्रश्न बदलावा लागला, तर ते आंतरविद्याशाखीय. परीक्षेपुरते एवढे पुरे आहे.

आमच्या संस्थेने पावसाळ्यात सुरगाणा तालुक्यातील पाड्यांवर बालकांच्या कुपोषणाची पाहणी केली. गटात डॉक्टर, मृदातज्ज्ञ आणि मानवशास्त्राच्या अभ्यासक होत्या. तिघांनी आपापली प्रकरणे लिहिली. ती शेजारी ठेवली तर ‘कुटुंबां’ची संख्याच जुळत नाही. एकत्र अहवाल कसा लिहायचा? एका शास्त्राच्या माणसाला दुसऱ्याचा प्रश्न झेपतो का? — स्वयंसेवी संस्थेतील कार्यकर्ता, नाशिक

संख्या जुळत नाही ही आपल्या पाहणीतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे; ती सरासरी काढून किंवा तळटीप देऊन झाकू नका. तिघांना बसवून ‘कुटुंब म्हणजे काय धरले’ एवढेच विचारा. जनगणनेत कुटुंब चुलीवरून मोजतात : एका चुलीवरचे जेवणारे ते एक कुटुंब. आपल्या मृदातज्ज्ञांनी बहुधा सातबारा पाहिला असेल, आणि सातबाऱ्यावर तीन भाऊ एकत्र असतात, चुली मात्र तीन असतात. डॉक्टरांनी शिधापत्रिका किंवा अंगणवाडीचे रजिस्टर धरले असेल. मानवशास्त्राच्या अभ्यासकांनी लोक स्वतः ‘आमच्या घरचे’ कुणाला म्हणतात ते लिहिले असेल. तिघेही आपापल्या शास्त्रात बरोबर आहेत.

कुपोषणाच्या प्रश्नासाठी मात्र या चार व्याख्यांपैकी कोणती कामाची, हे आता ठरवता येईल, आणि ते कोणाच्या पदावरून ठरू नये. मुलाच्या ताटात काय पडते यावर त्याचे वजन अवलंबून असेल तर चूल हे एकक सातबाऱ्यापेक्षा बरे ठरायला हवे. तपासून पाहा : त्याच मुलांची वजने आधी सातबाऱ्याच्या कुटुंबांप्रमाणे लावा, मग चुलीप्रमाणे. चुलीप्रमाणे लावल्यावर चित्र स्वच्छ झाले नाही, तर नागली-वरईच्या उत्पन्नाकडे बोट दाखवणाऱ्या मृदातज्ज्ञांचे म्हणणे अधिक जड आहे, हे डॉक्टरांनी मान्य करावे. सुसान ली स्टार आणि जेम्स ग्रीसेमर यांनी १९८९ मध्ये बर्कलीच्या पृष्ठवंशीय प्राण्यांच्या नमुन्यांच्या वस्तुसंग्रहालयाच्या इतिहासाचा अभ्यास करून दाखवले होते की, शास्त्रज्ञ, हौशी संग्राहक आणि सापळे लावणारे शिकारी यांचे हेतू वेगळे असूनही नमुन्यांवरच्या नोंदींची पद्धत एक ठेवल्यामुळे काम एकत्र चालले. आपल्यासाठी चुलीनिहाय एक समान नोंदपत्रक ते काम करील, आणि त्यात सातबारा, शिधापत्रिका व ‘घरचे’ यांच्यासाठी वेगळे रकाने ठेवता येतील.

एका शास्त्राच्या माणसाला दुसऱ्या शास्त्राचा प्रश्न झेपेल का, अशी शंका आपल्या पत्राच्या शेवटी डोकावते. हॅरॉल्ड मॅन हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य, मूळचे रसायनशास्त्रज्ञ. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा त्यांनी सहकाऱ्यांसह अभ्यास केला आणि तो १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. माती-पाणी तपासता तपासता ते जमिनीच्या तुकड्यांपर्यंत, घरोघरच्या जमाखर्चापर्यंत आणि कर्जापर्यंत पोहोचले, कारण मातीचा प्रश्न मातीत संपत नव्हता. महाराष्ट्रातल्या ग्रामीण अर्थव्यवस्थेच्या अभ्यासात त्या पुस्तकाला आजही मान आहे.

आपल्या पाहणीत मला एक उणीव मात्र दिसते. ती पावसाळ्यात झाली आहे. भात आणि नागली निघाली की सुरगाणा-पेठची कितीतरी माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. काही मुले बरोबर येतात, काही आजी-आजोबांजवळ मागे राहतात. म्हणजे पावसाळ्यात जी एक चूल आपण मोजली, तिच्या हिवाळ्यात दोन चुली होतात आणि त्या दोन तालुक्यांत पेटतात. अंगणवाडीच्या रजिस्टरात ते मूल गैरहजर दिसते, बागेवर ते कोणाच्याच रजिस्टरात नसते. अहवाल छापण्याची घाई करू नका. ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली की तिघांनी मिळून एक फेरी पाड्यांवर काढा आणि दुसरी दिंडोरीच्या बागांवर, तेच नोंदपत्रक आणि तोच वजनकाटा घेऊन, आणि पावसाळ्यातल्या यादीतले प्रत्येक मूल त्या दिवशी कोणत्या चुलीवर जेवले ते नावानिशी लिहा.